बुधवारच्या गोळ्या

आमच्या घरी आठवडा बुधवारी रात्री सुरू होतो. पंचांग काहीही म्हणो, गेली अकरा वर्षे माझ्यापुरता वारांचा हिशेब असाच चालत आलेला आहे. रात्रीची जेवणे उरकली, की आमचे हे कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढतात, चष्मा पुसतात आणि खजिन्यातून मोहरा मोजून द्याव्यात तशा सहा पिवळ्या गोळ्या माझ्या तळहातावर मोजून ठेवतात. मेथोट्रेक्सेट हे त्या औषधाचे नाव. मूळचे ते कर्करोगावरचे. १९८० नंतरच्या दशकात ते अगदी थोड्या मात्रेत, आणि तेही आठवड्यातून एकदाच, आमच्यासारख्या आमवाताच्या रोग्यांना देण्याचा प्रघात पडला.

‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द मी मुद्दाम लिहिते. पहिल्याच महिन्यात एका औषधविक्रेत्याने पाकिटावर ‘रोज’ असे लिहून दिले होते. मी मुकाट्याने घेतलेही असते. आपल्या बायकांना डॉक्टरच्या आणि दुकानदाराच्या अक्षराविषयी फार आदर! परंतु ह्यांची उभी हयात बँकेत गेली. आकडा आणि अक्षर जुळले नाही, तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवले, आणि चूक सापडली. हे औषध रोज घेतले तर रक्त तयार होण्याची क्रियाच मंदावते आणि जिवावर बेततेही, हे मला मागाहून कळले. तेव्हापासून डब्याची किल्ली ह्यांच्याकडे आहे, आणि मी तक्रार करीत नाही.

हा रोग म्हणजे वयपरत्वे गुडघे धरतात तो नव्हे. डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराचे रक्षण करणारी जी फौज, तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. इंदूरकरांना हे सांगायला मला फार लांब जावे लागत नाही. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांनी हे शहर लुटले आणि राजवाडा जाळला. ते कोणी परके नव्हते, शिंद्यांचेच सरदार होते. आपल्याच माणसांनी आपल्याच घराला आग लावावी, तसे हे दुखणे आहे. पुरुषांपेक्षा बायकांना ते दुपटी-तिपटीने अधिक होते.

गुरुवार हा माझ्या आठवड्यातला हरवलेला दिवस. पोटात मळमळ, डोक्यात ओल्या कापसासारखे काहीतरी भरलेले, आणि सकाळची आखडलेली बोटे दहा वाजेपर्यंत मोकळी व्हायला तयार नसतात. त्यातून हा श्रावण. माळव्यातला पाऊस माझ्या मनगटांना आकाशाच्या आधी कळतो. वाचन अशक्य. डोळे ओळीवरून जातात, पण घरात कोणी शिरत नाही. म्हणून गुरुवारी मी ऐकते. नातवाने मोबाईलवर कुमार गंधर्वांची गाणी भरून दिली आहेत. तो कॉलेजात जायच्या आधी तेवढे सुरू करून जातो.

गेल्या गुरुवारी ‘लगनगंधार’ ऐकत पडले होते. देवास येथून जेमतेम पस्तीस किलोमीटर. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा माणूस १९४८ साली क्षयाने पोखरलेली फुप्फुसे घेऊन तेथे येऊन राहिला. हवा कोरडी म्हणून. वय अवघे तेवीस. हिंदुस्थानभर नाव झालेले. आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, की गायचे नाही. पुढची पाच वर्षे त्यांनी खाटेवर पडून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकण्यात घालवली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले, भानुमतीबाईंच्या शुश्रूषेला यश आले, आणि १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले. त्या ऐकलेल्या धुनांतून काढलेले राग पुढे ‘अनूपरागविलासा’त आले.

हे सारे आपल्याकडच्या घराघरांत शंभरदा सांगितले गेले आहे. परंतु ते सांगताना शेवटी कोणीतरी हमखास म्हणते, ‘आजार झाला म्हणूनच एवढे मोठे गाणे मिळाले!’ मला हे पटत नाही. असे म्हणणारी माणसे बहुधा धडधाकट असतात. खाटेवरच्या माणसाला त्या पाच वर्षांत उद्याचे गाणे दिसत नव्हते; भिंत दिसत होती. त्याने कान उघडे ठेवले हा त्याचा गुण, आजाराचा नव्हे. गुरुवारी मी एवढाच विचार करू शकते. त्यापुढचा विचार करण्याआधी मला झोप लागली.

शुक्रवारी माणसांत आले. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेतली, कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले आणि वाचायला बसले. बसले म्हणजे काय, तेही सांगायला हवे. पुस्तक हातात धरणे मला आता जमत नाही. आमच्या सासूबाईंचे पोथी ठेवायचे घडीचे लाकडी व्यासपीठ आहे, त्यावर मी ते ठेवते, आणि पेन्सिलीच्या रबर लावलेल्या टोकाने पान उलटते. केतकरांच्या ज्ञानकोशाचे जे खंड सासऱ्यांनी हौसेने जमवले, ते ह्या व्यासपीठालाही पेलत नाहीत. ते कोणाला द्यावेत ह्यावर आमच्या घरी दर दिवाळीला चर्चा होते आणि दर दिवाळीला ते झटकून परत फळीवर जातात. माझा कल आता पातळ पुस्तकांकडे, किंवा कोठेही उघडले तरी चालते अशा पुस्तकांकडे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तशातली. १९३४ ते १९३६ ह्या काळात ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि त्यांच्या लेखणीला त्याचा काही उपद्रव झालेला नाही. दुःखाचे एवढे डोंगर पार करताना ही बाई वाचकाला रडायची सवडच देत नाही. दुखणे असताना हे फार बरे पडते. आमची प्रत सासूबाईंची, तपकिरी कागदाचे वेष्टन घातलेली. त्यांना आम्ही सगळे माई म्हणत असू.

माईंना हाच रोग होता. मी १९७७ साली ह्या रामबागेतल्या घरात लग्न होऊन आले, तेव्हा त्यांच्या हाताची बोटे करंगळीच्या बाजूला वाकलेली होती, वाऱ्याने गवत कलंडावे तशी. त्या काळी अ‍ॅस्पिरिन असे, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने असत. पण ती खर्चाची, आणि माईंना ती मानवली नाहीत. बाकी शेक, तेल आणि ‘सहन करा’. दुपारी त्या माजघरात व्यासपीठापुढे बसत आणि दर थोड्या वेळाने हाक येई, ‘सूनबाई, पान उलट गं.’

मी तेव्हा चोवीस वर्षांची. सकाळची शाळा शिकवून यायची, मग स्वयंपाकघर, मग वह्या तपासायच्या. एकदा हाक आली तशी मी उलटे पान उलटले, पुन्हा हाक आली, आणि तिसऱ्यांदा मी म्हणाले, ‘माई, एवढे एक पानसुद्धा होत नाही का तुमच्याने?’ ओरडले नाही मी. ओरडले असते तर बरे झाले असते. नुसते म्हणाले.

त्यानंतर हाक आली नाही. मला वाटले, त्यांची वाचायची हौस फिटली. त्याच सुमारास माझी विणायची एक सुई हरवली. लोकरीचा स्वेटर अर्धा झालेला, थंडी तोंडावर. मी घर डोक्यावर घेतले, मोलकरणीवर नाही नाही तो संशय घेतला. सुई मिळाली ती १९८३ साली, माई गेल्यानंतर, त्यांच्या गादीखाली. म्हातारपणी माणसे काहीबाही लपवतात, असे म्हणून मी ती लोकरीच्या पिशवीत टाकून दिली.

आता शुक्रवारची गोष्ट. खिडकीतून तिरपे ऊन आले होते. दिवसाकाठी पावसाने दिलेली तेवढीच उघडीप. त्या उजेडात मला दिसले, की ‘स्मृतिचित्रां’च्या प्रत्येक उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकशी खळी आहे. एखाद्या पानावर दोन, एखाद्यावर कागद टोचून गेलेला. पहिल्या पानापासून नव्हे. चाळीसेक पानांनंतर सुरू होतात, आणि थेट शेवटपर्यंत जातात. माझ्या पेन्सिलीच्या टोकाने मी वाचलेल्या पुस्तकांनाही अशाच खुणा पडतात, फक्त जरा बोथट. म्हणजे मुठीत सुई धरून माईंनी उरलेले सगळे पुस्तक वाचले होते. मी तेथून दहा हातांवर कणीक मळत होते.

त्या दिवशी पुढे वाचले नाही.

शनिवारी भुट्ट्याचा कीस झाला. इंदुरात राहून श्रावणात भुट्ट्याचा कीस नाही, हे आमच्या घराण्यात दिवाळीला दिवे नाहीत म्हणण्यासारखे आहे. कणसे किसणीवर किसणे हे माझे काम होते. आता ते सूनबाई करते आणि मी पाटावर बसून हुकूम सोडते. तूप सढळ हवे, हिंग आधी, दूध शेवटी आणि एकदम नको. तिने दूध एकदम ओतले. कीस उत्तम झाला. माझ्या चाळीस वर्षांच्या नियमाचा असा बोजवारा उडालेला पाहून ह्यांनी दोनदा वाढून घेतले, ते मी लक्षात ठेवले आहे.

रविवारी आम्हा आठजणींचे वाचन असते, प्रत्येक वेळी एकीच्या घरी. ह्या वेळी पाळी माझी, आणि विषय दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’. मी ते घेतले २००१ साली, इंदूरला विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते तेव्हा. दुर्गाबाईंचा जन्म ह्याच शहरातला, १९१० चा. त्यांची धाकटी बहीण कमला, पुढे कमला सोहोनी म्हणून जीवरसायनशास्त्रात नाव काढलेली, तीही इंदूरचीच. आपण इंदूरकर ह्या गोष्टीचा जितका अभिमान सांगतो, तितकी त्यांची पुस्तके वाचतो का, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला. उत्तरादाखल चहा आला.

‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. बारा महिने, बारा लेख. झाडे, पाखरे, पाण्याचे रंग. वाचणाऱ्याला वाटते, ही बाई पायाला भिंगरी लावून रानोमाळ हिंडली असेल. हिंडल्या होत्याच त्या, आदिवासींच्या मुलुखात, संशोधनासाठी. तेथे विषबाधा झाली, पीएच.डी.चे काम सुटले, आणि काही वर्षे त्यांना अंथरुणाला खिळून काढावी लागली. हे मी सांगितले तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, ‘तरीच! पडल्या पडल्या एकच झाड रोज पाहिल्याशिवाय असे लिहिता यायचे नाही.’ गुरुवारचा माझा वाद मी पुन्हा घालणार होते. पण मग आमच्या खिडकीतला कडुनिंब आठवला. अकरा वर्षांपूर्वी तो मला ठाऊक होता का? असेल; पण त्याची पाने फाल्गुनात कोणत्या फांदीपासून पिवळी पडायला लागतात, हे तेव्हा मला सांगता आले नसते. म्हणून वाद घातला नाही. मत मात्र बदललेले नाही.

श्रावणाचा लेख मोठ्याने वाचला. मधे पान उलटायला पेन्सिल शोधू लागले, ती खाली पडली, आणि सगळ्यांपुढे वाकून उचलणे काही जमेना. सूनबाई चहाचे पेले गोळा करीत होती. ती आली आणि काही न बोलता पान उलटून उभी राहिली. दुसरे पान आले तेव्हाही तेथेच होती.

सोमवारी लिहिण्यासारखे काही घडले नाही. मंगळवारी रक्त द्यायला गेले. दर तीन महिन्यांनी यकृत आणि रक्तपेशी तपासून घ्याव्या लागतात, औषध काय देते आणि काय घेते त्याचा ताळा म्हणून. शीर सापडायला तीन वेळा टोचावे लागले. येताना ह्यांनी राजवाड्याच्या बाजूने रिक्षा घ्यायला लावली आणि पोहे-जिलबी खाऊ घातली. अहवाल संध्याकाळी आला. आकडे हद्दीत आहेत. गोळ्या सहाच्या सहाच.

रात्री सूनबाई माझ्या बोटांना तेल लावायला बसली. व्यासपीठावर ‘स्मृतिचित्रे’ शुक्रवारपासून मिटून पडलेली होती. तिने चाळली आणि विचारले, ‘आई, ह्या पानांना काय झालंय? वाळवी का?’

वाळवी म्हणून सोडून देता आले असते. मी तिला सुईची गोष्ट सांगितली, मी माईंना काय म्हणाले ते अगदी त्याच शब्दांत सांगितले. ती काही बोलली नाही. तेल लावून झाल्यावर पुस्तक मात्र खोलीत घेऊन गेली.

आज पुन्हा बुधवार आहे. हे डबा काढायला उठले आहेत. पुस्तक मी सकाळी परत मागितले, तर म्हणते, अजून साठ पाने राहिली आहेत.