पाठीवरचं ओझं आणि पस्तीस हजारांचं बजेट

माझी भाची बडोद्याहून आणंदला रोज अप-डाउन करते. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. सकाळची गाडी, पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली, दोन वह्या आणि लॅपटॉप. लॅपटॉप तिच्या दादाचा जुना, १५.६ इंची, गेमिंगचा. एकदा ताईकडे गेलो असताना सहज म्हणून तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. लॅपटॉप २ किलो ४०० ग्रॅम, त्याची चार्जर नावाची वीट ६०० ग्रॅम. म्हणजे डबा-बाटली सोडून तीन किलो, तेही गर्दीच्या डब्यात उभं राहून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं तो न्यायचंच सोडून दिलं. वर्गात फळ्याचे फोटो मोबाइलवर, आणि टॅलीचा सराव रात्री घरी आल्यावर, जमलाच तर. ताई म्हणाली, "पस्तीस हजारांच्या आत काहीतरी हलकं सुचव. तू यातलाच आहेस ना!"

यातलाच आहे, म्हणूनच जरा घाबरलो. कारण हेच काम मी एकदा सपशेल चुकवलं आहे.

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांना आजोबांच्या पेटीतली जुनी पत्रं टाइप करून ठेवायची होती. मी २०१८ मध्ये त्यांना एक छोटासा ११.६ इंची लॅपटॉप घेऊन दिला. स्वस्त, हलका, दिसायला छान. आत २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज. त्यातली निम्म्याहून जास्त जागा विंडोज १० नंच खाल्लेली. अपडेट आला की जागा पुरायची नाही. अक्षर दाबल्यावर पडद्यावर उमटेपर्यंत बाबा वाट बघायचे, मग पुन्हा दाबायचे, मग दोन अक्षरं यायची. चार महिन्यांनी त्यांनी झाकण बंद केलं आणि म्हणाले, "आमच्या वयाला हे जमायचं नाही."

मीही ते खरं मानलं. पुढे एकदा स्वतः तासभर त्यावर बसलो तेव्हा कळलं, की दोष बाबांच्या बोटांचा नव्हता. यंत्र चुकीचं होतं आणि ते निवडणारा मी होतो. स्वस्त लॅपटॉपचा खरा धोका इथे आहे. पैसे वाया जातात ते जातातच, वर वापरणाऱ्याला वाटतं आपल्यालाच येत नाही.

म्हणून या वेळी आधी यादी केली. तीच इथे देतो.

वजन चार्जरसकट मोजा. रोज नेणाऱ्यासाठी १३ ते १४ इंची पडदा आणि सुमारे १.४ किलो वजन बरं. चार्जिंग यूएसबी-सी पोर्टमधून होतं का, हे नक्की विचारा. होत असेल तर ६५ वॉटचा छोटा चार्जर पुरतो, आणि तोच फोनलाही चालतो. नुसतं पोर्ट असून भागत नाही. काही स्वस्त मॉडेलांत त्यातून फक्त डेटा जातो, चार्जिंग होत नाही.

रॅम ८ जीबीच्या खाली नको. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण किमान म्हणजे चालू होण्यापुरतं. ब्राउझरमध्ये दहा टॅब, एक ऑनलाइन क्लास आणि एक्सेल एवढ्यातच ४ जीबी संपते. छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून हा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यायचा.

स्टोरेजच्या आकड्यापुढचा शब्द वाचा. 'ईएमएमसी' लिहिलं असेल तर सोडून द्या. ती बोर्डावर पक्की बसवलेली चिप असते, एसएसडीपेक्षा बरीच हळू, आणि बदलता येत नाही. २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी असली की बस्स. पुढे बहुतेक मशीनमध्ये ती बदलून मोठी घालता येते.

प्रोसेसरच्या नावाला भुलू नका. रायझन ३ ७३२०यू हे नाव बघा. ७ म्हणजे २०२३ ची मालिका, म्हणून नवा वाटतो. पण तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९ मध्ये आली होती. वाईट नाही, पण नवीही नाही. इंटेलचा एन१०० चार छोट्या कोअरचा आहे. तो वीज कमी खातो, लिहिणं-वाचणं आणि व्हिडिओ यांना पुरतो. आय३-१२१५यू मध्ये चार छोट्यांबरोबर दोन मोठे कोअर आहेत, त्यामुळे अनेक कामं एकत्र चालू असली की फरक जाणवतो.

पडदा मराठी वाचून तपासा. इंग्रजी अक्षर बऱ्याच पडद्यांवर चालून जातं. आपला रफार, अनुस्वार आणि 'द्ध', 'ष्ट्र' सारखी जोडाक्षरं १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर बारीक आकारात चिकटतात. फुल एचडी आणि आयपीएस पॅनेल मागा. बाजूनं पाहिल्यावर रंग उलटे दिसले तर तो टीएन पॅनेल आहे.

बॅटरीचे तास नव्हे, वॉट-अवर विचारा. जाहिरातीतले तास सोडून द्या. साध्या कामात असा लॅपटॉप साधारण ६-७ वॉट घेतो. म्हणजे ४२ वॉट-अवरची बॅटरी सहा-सात तास. गणित एवढंच.

यादी घेऊन दुकानात गेलो तेव्हा पेच पडला. आमच्या बजेटमध्ये नवीन मिळत होते ते बहुतेक १५.६ इंची, प्लास्टिकचे. छोटा आणि चांगला नवीन लॅपटॉप बजेटच्या बराच वर जात होता. दुसरी वाट होती रिफर्बिश्डची. कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ते मुळात महागडे, हलके आणि मजबूत असतात, आणि तपासून पुन्हा विकायला येतात.

यात एक खाच आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी विद्यार्थ्यासाठी घेऊ नका. क्रोमबुकचाही विचार केला होता, पण टॅली विंडोजवर चालतं, म्हणून तो मागे पडला.

शेवटी अकराव्या पिढीचा १३.३ इंची लॅपटॉप निवडला. रॅम १६ जीबी, वजन १.३ किलो, किंमत २९ हजार, वर्षभराची वॉरंटी. पैसे देण्याआधी काउंटरवरच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. 'पॉवरसीएफजी' या आज्ञेनं तो मिळतो, आणि मूळ क्षमता व आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आमची निघाली ७२ टक्के. दुकानदार म्हणाला, "इतकं कोण बघतं, साहेब!" पण बॅटरी बदलून दिली. मग भाचीनं स्वतः वीस मिनिटं त्यावर टाइप केलं, व्हिडिओ कॉल लावून पाहिला, बिजागरी हलवून पाहिली. ही वीस मिनिटं ज्याला वापरायचंय त्यानंच घालवायची, मामानं नाही.

आता सॅकमधलं वजन जवळपास निम्मं झालंय. परतीच्या गाडीत जागा मिळाली की ती टॅलीच्या नोंदी करते. कॅमेरा सुमार आहे आणि झाकणावर एक ओरखडा आहे, त्याबद्दल तिची तक्रार नाही.

रविवारी ती आजोबांकडे आली तेव्हा मी विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला. तो आतच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. बाबांनी चष्मा लावला, "बघू जरा" म्हणाले, आणि इंग्रजी अक्षरांनी स्वतःचं नाव लिहिलं. दाबलं तसं उमटलं.

"हा हळू नाहीये," ते म्हणाले. मग पेटी कुठे ठेवली आहे, ते आईला विचारायला उठले.