बारावी नापास झालेल्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळतो का?

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि महाड-पोलादपूरकडच्या आपल्या वस्त्यांतून दोन तऱ्हेची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे, दुसऱ्या घरी दार अर्धे लोटलेले. दुसऱ्या घरातली मुलगी सायन्सला होती. सहापैकी पाच विषय सुटले, भौतिकशास्त्र राहिले. संध्याकाळी चार माणसे येऊन बसतात. कोणी म्हणते, एमआयडीसीत पॅकिंगला लावा, चार पैसे तरी घरात येतील. कोणी म्हणते, मुंबईला मावशीकडे धाडा. एखादी म्हातारी हळूच स्थळाचे नाव काढते. पोरगी मात्र चुलीपाशी बसून एवढेच म्हणते, "आये, मला फार्मसी करायची होती."

तिला उत्तर देणारे त्या बैठकीत कोणी नसते. एकदा नापासाचा शिक्का बसला की फार्मसीचे दार बंद झाले, असे सगळे धरून चालतात. हा समज खोटा आहे, आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी मुलामुलींची शिक्षणे थांबतात.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. औषधविक्रीच्या दुकानात औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. हा 1948 चा फार्मसी कायदा. त्या कायद्याखाली भारतीय फार्मसी परिषदेने 2020 साली डी. फार्मसीचे शिक्षण विनियम केले. प्रवेशासाठी त्यांनी मागितले आहे ते एवढेच: बारावी विज्ञान शाखा पास, आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र किंवा गणित. ‘पहिल्याच प्रयत्नात पास’ असे शब्द तिथे नाहीत. जुलैत पास झालेली मुलगी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पास झालेली मुलगी, दोघी त्या दारात सारख्याच.

म्हणजे नापास होण्याने काहीच बिघडत नाही का? बिघडते, पण दुसऱ्या जागी बिघडते. डी. फार्मसीला वेगळी प्रवेश परीक्षा नसते. तंत्रशिक्षण संचालनालय जी गुणवत्ता यादी लावते ती बारावीच्या त्या तीन विषयांच्या गुणांवर. कसेबसे पस्तीस गुण मिळवून विषय सोडवला तर पात्रता मिळाली, पण यादीत नाव खाली जाते. मग घराजवळचे किंवा कमी फीचे कॉलेज हातातून सुटते आणि लांबचे, महागडे उरते. म्हणून पुरवणी परीक्षेला बसताना ‘काढायचा एकदाचा’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्या एका विषयाचे दहा गुण वाढले तर कदाचित आईबापाच्या डोक्यावरचे कर्ज टळते.

पुरवणी परीक्षा आता जून-जुलैत होते. पूर्वी ती ऑक्टोबरमध्ये व्हायची आणि वर्ष हमखास जायचे. पास झालेल्या विषयांना सूट मिळते, राहिलेला विषयच द्यावा लागतो. डी. फार्मसीचे प्रवेश अलीकडे बऱ्याचदा पावसाळाभर लांबत आले आहेत, त्यामुळे पुरवणीत सुटलेल्या मुलांना त्याच वर्षी अर्ज करता येण्याची आशा असते. निकालानंतर रडण्यात आठवडा गेला तर चालेल, पण पुरवणीच्या फॉर्मची तारीख तेवढ्यात निघून जाते. तो फॉर्म आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातून भरायचा असतो. बाप कामावर असेल तर भावाने जावे, भाऊ नसेल तर मुलीने स्वतः जावे.

पास झालेल्या पण गुण फारच कमी असलेल्यांसाठी श्रेणीसुधार योजना आहे. तिच्यात सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. वर्षभर घरी अभ्यासाला जागा आणि वेळ मिळणार असेल तरच त्या वाटेला जावे.

पदवीचे, म्हणजे बी. फार्मसीचे गणित वेगळे. तिथे यादी लागते ती एमएचटी-सीईटीच्या गुणांवर. बारावीत तीन विषय मिळून 45 टक्के, मागासवर्गीय उमेदवारांना 40 टक्के असले की पात्रता झाली. त्यापुढे बारावी किती वेळात सुटली याला किंमत राहत नाही, सीईटीचा पेपर काय सांगतो ते चालते. आणि ज्यांना सीईटी झेपत नाही त्यांनी डी. फार्मसी केली तरी पदवीची वाट बुजत नाही. डिप्लोमानंतर बी. फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आपल्या शेजारी, माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. राज्यातली अनेक फार्मसी महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवीच्या कागदावर बाबासाहेबांचे नाव असावे, ही आपल्या घरांना केवढी मोठी गोष्ट!

बाबासाहेबांच्या गुणांची गोष्ट आपण जयंतीला सांगत नाही, ती सांगायला हवी. 1907 साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. टक्केवारी काढली तर सदतीसच्या आसपास. तरी सभा भरली, कौतुक झाले, केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. लंडन विद्यापीठाला डी.एस्सी.साठी त्यांनी 1922 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, फेरलेखन करायला सांगितले. बाबासाहेबांनी दुरुस्त करून तो पुन्हा पाठवला आणि 1923 मध्ये पदवी मिळवली. चार वर्षांनी ते आपल्या महाडला चवदार तळ्यावर आले. ज्या घरात त्यांची तसबीर आहे, त्या घरात पुरवणीला बसणाऱ्या मुलीने मान खाली का घालावी?

प्रवेश झाला म्हणजे नापासाची भीती गेली असे नाही. डी. फार्मसीत पास व्हायला 40 टक्के लागतात. पहिल्या वर्षी दोनपेक्षा जास्त विषय राहिले तर दुसऱ्या वर्षाला बसता येत नाही. दोन वर्षे झाल्यावर 500 तासांचे प्रशिक्षण असते. 2022 च्या विनियमांत नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षेचीही तरतूद आहे. तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के, आणि तिन्ही एकाच खेपेस सुटले पाहिजेत. किती वेळा बसावे याला मात्र मर्यादा घातलेली नाही.

पैशाच्या बाजूने नापास होणे जास्त बोचते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पण तिला आधीच्या परीक्षेत किमान 50 टक्के लागतात. चाळीस टक्क्यांची मुलगी कॉलेजात जाते आणि खोलीच्या भाड्याला अडते. हा नियम आमच्या मते उलटा आहे. ज्याच्या घरी अभ्यासाला दिवा नव्हता त्याचेच टक्के कमी असणार, आणि मदतीची गरजही त्यालाच जास्त. आपल्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरावा. जातवैधतेचा प्रस्ताव मात्र अकरावी-बारावीतच द्यावा. ऐन प्रवेशाच्या वेळी त्यासाठी धावणाऱ्यांचे हाल आपण पाहिले आहेत.

निराश मुलांच्या मागे दलाल लागतात, हेही सांगितले पाहिजे. परीक्षा न देता बारावी, घरबसल्या डी. फार्मसी, अशी त्यांची भाषा असते. फार्मसी परिषदेची मान्यता नसलेल्या कॉलेजचा डिप्लोमा घेऊन राज्य फार्मसी परिषदेत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही तर दुकानाचा परवाना नाही. फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत कॉलेजचे नाव शोधावे. नोंदणी झाल्यावर आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देण्याचा मोह होतो. तिथे चुकीचे औषध गेले तर नाव आपल्या मुलीचे येते.

आता कागदांचे. परीक्षेला जितक्या वेळा बसलात तितक्या गुणपत्रिका जपाव्यात, नापासाची आहे म्हणून फाडून टाकू नये. मधले वर्ष घरी गेले असेल तर कॉलेज खंडाचे प्रतिज्ञापत्र मागते, त्यात खरे तेच लिहावे. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाड शहरात कित्येक घरांच्या पेट्यांतले कागद चिखल झाले. त्यांतल्या काहींच्या गुणपत्रिका अजून काढायच्या राहिल्या असतील. रायगड जिल्हा मुंबई विभागीय मंडळाकडे येतो, त्याचे कार्यालय वाशीला आहे. दुय्यम गुणपत्रिकेसाठी अर्ज तिथे चालतो, आणि डिजिलॉकरवरही मंडळाच्या गुणपत्रिका मिळतात. बैठक क्रमांक आणि परीक्षेचा महिना-वर्ष तेवढे शाळेच्या दप्तरातून लिहून आणावे.