पानं लागली, पण ‘पान’ मिळेल का?

शुक्रवारी रात्री साडेअकराला मित्राचा फोन. या वेळेला फोन आला की दोनच शक्यता : ब्रेकअप झालाय किंवा बाइक बंद पडलीय. पण मामला भलताच निघाला.

‘‘अरे, विकिपीडियावरचं माझं पेज उडवतायत! तू तिथे लिहितोस ना? जाऊन ‘ठेवा’ म्हण ना यार!’’

हा आमचा मित्र आठवडाभर पुण्यात आयटीवाला आणि जमेल त्या वीकएण्डला पोकर प्लेअर. आधी सगळा कारभार मोबाइलवर चालायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांवरचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला, तेव्हापासून साहेब थेट गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर. तिथे एका टूर्नामेंटमध्ये सहावा आला. बऱ्यापैकी रक्कम आणि एक झक्कास फोटो मिळाला. मग ‘पैसे द्या, पेज बनवून देतो’ म्हणणारा कुणीतरी भेटला. यानं दिले.

मी रविवारी दुपारी तिथले लेख दुरुस्त करत बसतो, हे मित्रांना माहीत आहे. माझा हा छंद चेष्टेचा विषय असतो. पण आता त्याची गरज पडली होती.

तिथला फंडा तसा सोपा आहे. तुम्ही किती भारी आहात, हे कुणी विचारत नाही. ज्यांचं तुमच्याशी काही घेणंदेणं नाही अशा भरवशाच्या लोकांनी तुमच्याबद्दल आपणहून सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघतात. मराठीत याला ‘उल्लेखनीयता’ असा भारदस्त शब्द आहे. स्वतः पाठवलेली प्रेसनोट चालत नाही. निकालाच्या यादीत नुसतं नाव असून भागत नाही. पैसे घेऊन लिहिलं असेल तर ते उघड सांगावं लागतं. आणि पान उडवायची चर्चा साधारण सात दिवस चालते, त्यात हात मोजत नाहीत, कारणं तोलतात. म्हणजे मी पन्नास मित्र गोळा करून नेले असते, तरी उपयोग शून्य!

‘‘मग तो मनीमेकर? तोही हौशीच होता!’’ मित्रानं हुकमाचं पान टाकलं.

मुद्दा बिनतोड होता. क्रिस मनीमेकर. आडनाव खरंच हे आहे! अमेरिकेतल्या टेनेसीचा २७ वर्षांचा अकाउंटंट. २००३ मध्ये त्यानं ८६ डॉलर भरून एक ऑनलाइन स्पर्धा खेळली आणि लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेची, म्हणजे १० हजार डॉलर प्रवेश फी असलेली सीट जिंकली. तिथे ८३९ खेळाडू होते. शेवटी समोर उरला सॅम फरहा, मुरलेला व्यावसायिक. एका डावात मनीमेकरनं हातात काहीच नसताना सगळे चिप्स पुढे ढकलले आणि फरहानं नव्व्यांची जोडी असूनही पत्ते टाकून दिले. त्या मे महिन्यात हा अकाउंटंट २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला.

पण त्याचं पान टिकतं ते २५ लाखांमुळे नाही. टीव्हीवर तो डाव बघून घरोघरच्या अकाउंटंटांना वाटलं, ‘आपणही बसू शकतो की!’ २००६ मध्ये त्याच स्पर्धेला ८,७७३ जण आले. या लाटेला ‘मनीमेकर इफेक्ट’ असं नाव पडलं आणि तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं, तेही त्यानं कुणाला न सांगता. म्हणजे हौशी की व्यावसायिक, हा प्रश्नच नाही. तुमच्या जिंकण्यानं तुमच्या टेबलाबाहेर काय हललं आणि ते कुणी टिपलं, हा आहे.

‘‘पण वेबसाइटवर माझी कमाई आहे ना लिहिलेली!’’

आहे. पण पोकरच्या अशा याद्यांमध्ये बहुतेक वेळा फक्त बक्षिसाची रक्कम असते. ती मिळवायला किती वेळा फी भरली, किती वेळा रिकाम्या हातानं परतला, ते नसतं. मी सहज विचारलं, ‘‘आतापर्यंत भरलेस किती?’’ पलीकडे शांतता.

नियम मला सगळा पटतो, असं नाही. डोना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या शास्त्रज्ञ. त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं! बाई मे महिन्यातही तेवढ्याच मोठ्या होत्या, फक्त लिहिणाऱ्यांची नजर तिकडे वळली नव्हती. आपल्या गल्लीत कबड्डीचं मैदान गाजवणारे कितीतरी जण असेच नोंदीविना गेले. तेव्हा पान नाही म्हणजे माणूस फालतू, असं मुळीच नाही. पण हे त्या क्षणी मित्राला कसं सांगायचं?

मी मत टाकलं नाही. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. आठवड्यानं पान गेलं. पुढचा महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही.

मग एक दिवस चहाच्या टपरीवर भेटला आणि खरं कारण बाहेर आलं. ‘‘बाबा सगळ्यांना सांगतात, पोरगा जुगार खेळतो. मला वाटलं, एकदा विकिपीडियावर दिसलं की ते कुणाला तरी दाखवतील.’’

मी गप्प. माझ्या सगळ्या नियमांत याचं उत्तर नव्हतं.

त्यानं मोबाइल पुढे केला. एक्सेल शीट. दोन कॉलम : भरलेले आणि आलेले. गोव्याची बस, हॉटेल, फी, सगळं धरून. खाली बेरीज वजा. फार नाही, पण वजाच. ‘‘रविवारी हेच बाबांना दाखवलं,’’ तो म्हणाला.

‘‘मग?’’

‘‘चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाले, एका ओळीची बेरीज चुकलीय.’’

विकिपीडियावर त्याचं पान नाही. पण ज्यांनी वाचावं असं त्याला वाटत होतं, त्यांनी वाचलंय. आणि चूकही काढलीय!