दार फुगलं म्हणून रंधा मशीन हातात घेताय? आधी बोटं सांभाळा

विद्यानगर (हैदराबाद) : पावसाळा लागला की जुन्या घरांची लाकडी दारं फुगतात, चौकटीला घासतात, कडी लागेनाशी होते. उस्मानिया विद्यापीठाजवळच्या विद्यानगर, नल्लाकुंटा भागातल्या जुन्या घरांचीही तीच गत. मग सुताराला फोन जातो. देगलूर, बिलोली, धर्माबादकडून हैदराबादला कामासाठी जाणाऱ्यांत सुतारकाम करणारेही असतात, आणि त्यांच्या पिशवीत आता लाकडी रंध्याऐवजी इलेक्ट्रिक रंधा असतो. तेलुगूत ज्याला 'चित्रिक' म्हणतात तो हातरंधा जिथे तासभर घाम काढायचा, तिथे हे मशीन दहा मिनिटांत दार मोकळं करतं.

जपानच्या माकिता कंपनीने १९५८ साली असा हातात धरायचा विजेचा रंधा बाजारात आणला. आज दुकानात मिळणाऱ्या साध्या मशीनची रुंदी ८२ मिलिमीटर असते आणि आतला रोलर मिनिटाला साधारण १६ हजार फेरे घेतो. रोलरवर दोन पाती. म्हणजे सेकंदाला पाचशेहून जास्त वेळा पातं फिरून त्याच जागी येतं. हात मागे घ्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात शंभरावर काप बसलेले असतात.

करवतीने बोट तुटलं तर तुकडा घेऊन दवाखाना गाठता येतो, कधी कधी तो जोडलाही जातो. रंध्यात तसं होत नाही. रंधा बोट तोडत नाही, सोलतो. जे गेलं त्याचा भुसा होतो, जोडायला मागे काही उरत नाही.

पैशाचा हिशेबही पाहून ठेवावा. वर्षाला २० रुपयांत बँक खात्यातून होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात, एक हात कायमचा निकामी झाला तर १ लाख. बोटाचं टोक गेलं तर काही नाही. विमा काढावाच, पण बोटं त्यात धरलेली नाहीत हे माहीत असावं.

दार चौकटीत उभं असताना स्टुलावर चढून वरची कड मारणं ही नेहमीची घाई. मशीन डोक्याच्या उंचीवर, पाय डळमळीत, आणि वायर कुठे लोंबतेय ते दिसत नाही. बिजागऱ्या सोडवून दार खाली घ्यावं, आडवी कड वर करून भिंतीशी पक्कं टेकवावं किंवा शिकंज्यात धरावं. घासणाऱ्या जागेवर पेन्सिलने रेघ मारून घ्यावी. जुन्या दारात खिळे असतातच, पुट्टीखाली लपलेले सुद्धा. कडेवरून लोहचुंबक फिरवला तर ते कळतात. खिळ्यावर पातं आपटलं की धार जाते, ठिणगी उडते, कधी पात्याचा तुकडाही. चष्मा लावायचा तो यासाठी.

पुढच्या गोल मुठीने खोली ठरते. एका वेळी अर्धा मिलिमीटर पुरे. एकदम जास्त घेतलं तर मशीन उसळतं. दोन्ही हात दोन्ही मुठींवरच हवेत. डावा हात दार धरायला आणि उजवा मशीनवर, ही सवय सगळ्यात वाईट. मशीन लाकडाला लावण्याआधी चालू करायचं, पूर्ण वेग आला की पुढचा पत्रा टेकवायचा. सुरुवातीला भार पुढे, शेवटी मागे. कोपऱ्यापर्यंत सलग नेलं तर टोकाची ढलपी निघते, म्हणून वरच्या-खालच्या कडेला दोन्ही टोकांकडून मध्याकडे यावं. सैल बाही, गळ्यातला गमछा, सुती हातमोजे नकोत. ते पात्यात ओढले जातात.

स्विच सोडल्यावर आवाज कमी होतो, पण रोलर काही सेकंद फिरतच राहतो. त्या वेळात मशीन मांडीवर किंवा फरशीवर ठेवलं, की घात. बऱ्याच मशीनना मागे छोटा पाय असतो, तो उघडून ठेवावं. नसेल तर पूर्ण थांबेपर्यंत हातातच धरावं. चालू ठेवण्याचं लॉक बटन दाबून काम करणं म्हणजे हात सुटला तरी पातं फिरतं ठेवणं. भुसा अडकला तर बोट घालू नये. आधी प्लग काढायचा, मग काडीने साफ करायचं. पाती बदलतानाही तसंच.

काही ठिकाणी मशीन उलटं करून टेबलाला बांधतात आणि पट्ट्या वरून सरकवतात. कंपनीचा स्टँड आणि पात्यावरचं झाकण असेल तर गोष्ट वेगळी. तारेने बांधलेल्या उघड्या मशीनवर वीतभर पट्टी ढकलणारा हात शेवटी पात्यावरच जातो. एवढ्या लहान तुकड्याला हातरंधाच बरा.

लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. जुन्या ऑइलपेंटात शिसंही असू शकतं. गमछा बांधून ते थांबत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो. लहान मुलं तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत.

तरीही लागलंच, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा, सूज येण्याआधी अंगठी काढावी. हळद, चुना, तंबाखू भरू नये. १०८ ला फोन करावा.

दार परत बसवण्याआधी रंधलेल्या कडेला प्रायमर किंवा वार्निशचा हात द्यायला हवा. कोरी कड पाणी ओढते, आणि पुढच्या पावसात तेच दार पुन्हा अडकतं.