भटारखान्यात छुपा कॅमेरा!

हॉटेलात बसलं की आपण मेन्यूकार्ड उलटसुलट वाचतो, उजवीकडची किंमत तर सगळ्यात आधी! पण भटारखान्याचं दार? ते बंदच. आता हे दार ढकलून आत घुसलेल्या पत्रकारांना भेटा. थ्रिलर वेबसीरिज विसराल, गॅरंटी!

माहीत आहे का, लाचखोर इन्स्पेक्टर पकडायला एका वर्तमानपत्राने चक्क बारच विकत घेतला होता?

साल १९७७, शहर शिकागो. 'शिकागो सन-टाइम्स'ची धडाकेबाज रिपोर्टर पॅम झेकमन आणि 'बेटर गव्हर्नमेंट असोसिएशन' ही संस्था यांनी मिळून वेल्स स्ट्रीटवरचा एक मोडकळीला आलेला बार घेतला. नाव ठेवलं 'मिराज'. दारू ओतणारा कोण? रिपोर्टर! मालक म्हणून मिरवणारा कोण? संस्थेचा तपासनीस! आणि फोटोग्राफर? ते टॉयलेटच्या वरच्या माळ्यावर दडी मारून बसलेले, फटीतून क्लिक क्लिक क्लिक!

वायरिंग धोकादायक, तळघरात घाण, पाइप गळके. सगळं मुद्दाम तसंच ठेवलं. इन्स्पेक्टर यायचे, पाकीट खिशात घालायचे आणि सगळं ओके म्हणून जायचे. एका फायर इन्स्पेक्टरचा रेट तर फक्त १० डॉलर! जानेवारी १९७८मध्ये बातमी फुटली ती थेट २५ भागांची मालिका होऊन. शहर हादरलं, खटले चालले, कित्येक विद्युत निरीक्षकांना शिक्षा झाली.

मग पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार पक्का ना? छे, हुकला! वेषांतर करून मिळवलेली बातमी निवड मंडळातल्या काहींना पटली नाही. विरोध करणाऱ्यांत वॉटरगेट गाजवणारे संपादक बेन ब्रॅडलीही होते. माझं मत स्पष्ट आहे, पुरस्कार 'मिराज'चाच होता. लाच घेणारा माणूस मुलाखतीत थोडीच कबूल करणार?

आता कोर्टात चला. १९९२मध्ये एबीसी चॅनेलच्या दोन रिपोर्टर खोटा बायोडेटा देऊन 'फूड लायन' सुपरमार्केटमध्ये नोकरीला लागल्या, छुप्या कॅमेऱ्यासकट. मांस कसं हाताळतात, ते देशभर दिसलं. कंपनीने केस ठोकली, पण बदनामीची नाही हं! फसवणूक आणि घुसखोरीची. ज्युरीने दंड लावला ५५ लाख डॉलर. न्यायाधीशांनी तो आणला ३ लाख १५ हजारांवर. १९९९मध्ये अपिलात उरले किती, माहीत आहे का? दोन डॉलर. हो, दोन!

ह्यूस्टनचे टीव्ही पत्रकार मार्व्हिन झिंडलर म्हणजे वेगळाच नग. डोक्यावर पांढरा विग, डोळ्यांवर निळा चष्मा. हॉटेल तपासणीचे सरकारी रिपोर्ट ते टीव्हीवर असे वाचायचे की लोक ताटावरून उठून बघायचे. बर्फाच्या मशीनमध्ये बुळबुळीत थर सापडला की गर्जना, 'स्लाऽऽऽइम इन द आइस मशीन!' गंमत सोडा, मुद्दा गार करणारा आहे. बर्फ हेसुद्धा अन्नच, आणि आपण त्याच्याकडे कधी बघतच नाही.

लॉस एंजेलिस, नोव्हेंबर १९९७. स्थानिक चॅनेलने 'बिहाइंड किचन डोअर्स' ही छुप्या कॅमेऱ्याची मालिका दाखवली. लोक इतके भडकले की महिन्याभरात नियम बदलला! जानेवारी १९९८पासून हॉटेलांच्या दारावर ग्रेड झळकू लागली, ए, बी किंवा सी. अगदी बोर्डाच्या निकालासारखं, ९० किंवा जास्त मार्क असतील तर ए. खराब अन्नामुळे हॉस्पिटलात भरती होणारे सुमारे २० टक्क्यांनी घटले, असं एका गाजलेल्या अभ्यासाने सांगितलं. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तो आकडा खोडून काढला. वाद राहिला, पाटीही राहिली!

न्यूयॉर्कचा हिशेब मात्र उलटा. तिथे चुकांचे पॉइंट मोजतात. १३पर्यंत ए, २८ झाले की सी. ही पद्धत २०१०ची. त्याआधी २००७मध्ये तिथल्या एका फास्टफूड आउटलेटमध्ये उंदरांची पार्टी काचेतून टीव्हीवर दिसली. धक्का पुढेच आहे, आदल्याच दिवशी ते इन्स्पेक्शनमध्ये पास झालं होतं!

टोरांटोत 'टोरांटो स्टार'ने २०००मध्ये 'डर्टी डायनिंग' छापलं. पुढच्याच वर्षी हॉटेलांच्या दारावर सिग्नल लागले, हिरवा, पिवळा, लाल. डेन्मार्कने २००१मध्ये थेट स्मायलीच लावले. तोंड पाडलेला स्मायली दिसला की गिऱ्हाईक गायब!

हे सगळं टीव्हीवाल्यांचं खूळ वाटतंय? मग १८५१च्या लंडनला जाऊ. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक थॉमस वॉकली यांनी डॉ. आर्थर हिल हॅसल यांना कामाला लावलं. हॅसल दुकानातून माल आणायचे आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचे. कॉफीत चिकोरी, पावात तुरटी! आणि 'लॅन्सेट' भेसळवाल्यांची नावं छापायचं, पत्त्यासकट. १८६०मध्ये ब्रिटनमध्ये भेसळीविरुद्ध कायदा आला.

अमेरिकेत हे काम एका कादंबरीने केलं. अप्टन सिंक्लेअर शिकागोच्या मांस कारखान्यांत सात आठवडे फिरले. 'द जंगल' लिहिली ती कामगारांचे हाल दाखवायला. नेम होता वाचकांच्या काळजावर, बसला पोटात! ३० जून १९०६ला एकाच दिवशी अन्नाचे दोन कायदे मंजूर.

आणि आपल्याकडे? ऑगस्ट २००३मध्ये दिल्लीच्या 'सीएसई' संस्थेने कोल्ड्रिंकमधली कीटकनाशकं उघड केली. संयुक्त संसदीय समिती बसली. अध्यक्ष कोण, माहीत आहे का? आपले शरद पवार! आधीच्या तिन्ही समित्या बोफोर्स आणि शेअर बाजार घोटाळ्यांवर होत्या. आरोग्यासाठी बसलेली ही पहिलीच. २००४च्या अहवालात समितीने 'सीएसई'चे निष्कर्ष उचलून धरले.

२०२०मध्ये हीच संस्था मधाच्या मागे लागली. गिऱ्हाईक बनून चौकशी केली, तर भेसळीसाठी खास साखरेचा पाक विकायला हजर! बाजारातलं नाव 'ऑल पास सिरप'. निम्मा पाक मिसळला तरी मध भारतातल्या चाचण्यांत पास!

एक नगेट अंतराळातून! किचनमधला धोका आधीच हेरायची 'हॅसप' पद्धत जगभर वापरतात. ती जन्मली १९६०च्या दशकात, नासाच्या अंतराळवीरांच्या जेवणासाठी. तिथे पोट बिघडून कसं चालेल?

आता तुमची पाळी. २०२२पासून हॉटेलच्या बिलावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी नंबर छापणं सक्तीचं आहे, तो बघा. आणि अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० लक्षात ठेवा. विकत घेतलेला पदार्थ कोणताही ग्राहक फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. फक्त खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना नियमात बसला नाही, तर फी परत!