ग्रहण की पाऊस?

ग्रहणाची वेळ अनेक वर्षे आधी सांगता येते. मग महिन्यानंतरच्या पावसाची का नाही? १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाचे गणित संगणकावर पुन्हा सोडवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा घातला. एवढ्याशा फरकाने पुढचे सारे उत्तर बदलले! म्हणूनच वेधशाळा रोज नवी निरीक्षणे घेऊन अंदाज सुधारते.

कामांचेही तसेच. पुलाचा आराखडा आधीच पक्का करावा लागतो. नवी संगणक-प्रणाली मात्र लोकांनी वापरल्यावरच तिच्यातील उणिवा कळतात. तिथे थोडे करावे, दाखवावे, सुधारावे. २००१ साली १७ संगणकतज्ज्ञांनी हीच दिशा ‘अजाइल’ जाहीरनाम्यात मांडली.

पावसासारख्या कामाला ग्रहणाचे वेळापत्रक लावले, तर श्रम वाया जातात. तुमचा विज्ञान-प्रकल्प यांपैकी कशासारखा आहे?