परदेशातून पार्सल आले, पण सोडवायचे कसे?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या वसाहतीतल्या एक मावशी हातात कागद घेऊन सकाळीच आमच्याकडे आल्या. जयभीम झाला, चहा झाला, तरी कागदाची घडी काही सुटेना. चार घरची धुणीभांडी करून या माउलीने लेकाला आय.टी.आय. केले. तो आता दुबईत वायरमन आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून त्याने मऊ तळव्याचे बूट, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि बहिणीला घड्याळ असे सामान कुरिअरने पाठवले. सामान मुंबईच्या विमानतळावर थांबले आणि घरी आले ते बिल.

"भाऊ, पोराने मला बूट पाठवलेत का कर्ज पाठवलंय?" मावशींनी विचारले. "खोक्यावर तर त्यानं 'गिफ्ट' लिहिलंय. गिफ्टला कस्टम नसतं ना?"

ही समजूत एकट्या मावशींची नाही. आमच्या कचेरीतले शिकलेले सहकारीही हेच सांगतात, आणि एके काळी ते खरेही होते. केंद्र सरकारच्या 1993 च्या अधिसूचनेनुसार टपालाने किंवा विमानाने आलेल्या खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंना ठरावीक किमतीपर्यंत सीमाशुल्क माफ होते. 2016 च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा दहा हजारांवरून वीस हजार रुपये झाली. पण परदेशी दुकानदारांनी ग्राहकांना विकलेला माल 'भेट' म्हणून आत येऊ लागला, तेव्हा सरकारने 12 डिसेंबर 2019 रोजी आदेश काढून ही वाट बंद केली. त्या आदेशाने जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद ठेवले. राखीसोबत पाठवलेली भेटवस्तूसुद्धा त्यात बसत नाही. बाकी भेट जरूर पाठवा, पण पूर्ण शुल्क भरून. म्हणजे खोक्यावर 'गिफ्ट' हा शब्द राहिला, त्यातली माफी गेली. आखातात राबणाऱ्या आमच्या पोरांपर्यंत हा आदेश कोणी पोहोचवला नाही.

सीमाशुल्क म्हणजे काय, हे मावशींना समजवायला आम्हाला वेळ लागला नाही. 2017 पर्यंत मुंबईच्या वेशीवर जकात नाके होते. ट्रक नाक्यावर थांबे, पावती फाटे, मग माल शहरात येई. देशाच्या वेशीवरही असाच नाका आहे. कुरिअरचे सामान विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये तपासतात. टपालाने आलेले पार्सल परदेशी टपालाच्या कचेरीत तपासतात. मुंबईत ती बॅलार्ड इस्टेटला आहे.

खरी गुंतागुंत बिलात असते. आम्ही बी.कॉम., कारकुनीत वीस वर्षे काढलेली, तरी ते बिल दोनदा वाचावे लागले. त्यात दोन वेगवेगळ्या धन्यांचे पैसे एकाखाली एक लिहिलेले होते. वरची रक्कम सरकारी शुल्काची. खालची रक्कम कंपनीची: तुमच्या वतीने शुल्क आगाऊ भरले त्याची फी 650 रुपये, गोदामात सामान राहिले त्याचे भाडे 350 रुपये, आणि या हजारावर 18 टक्के जी.एस.टी. म्हणजे 180. एकूण 1,180 रुपये कंपनीचे. मावशी मात्र सगळ्याच रकमेला 'कस्टम' म्हणत होत्या आणि सरकारला बोल लावत होत्या.

गोदामाचे भाडे का लागले? पार्सल सोडवण्यासाठी घेणाऱ्याचे ओळखपत्र लागते. ते मागणारा इंग्रजी संदेश मावशींच्या मोबाईलवर आला होता. घरात कोणी वाचला नाही, तीन दिवस गेले. आम्ही कंपनीच्या कचेरीत फोन करून मराठीत आणि मग हिंदीत भांडलो, पण भाड्याचा एक रुपया कमी झाला नाही. नियमावर बोट ठेवून ते मोकळे झाले. तेव्हा परदेशातून काही येणार असे कळले की आधार किंवा पॅनची प्रत तयार ठेवावी आणि येणारा प्रत्येक संदेश घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावा. गोदामाचे भाडे दिवसागणिक चढते.

आता सरकारी शुल्काचा हिशोब. वस्तू आठ हजारांची असेल तर शुल्क आठ हजारांवर लागते, असे सगळे धरून चालतात. तसे नसते. वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून जे मूल्य होते, त्यावर शुल्क लागते. समजा वस्तू 8,000 रुपयांची आणि कुरिअरचे भाडे 2,500 रुपये. मूल्य 10,500 होईल का? नाही. 2007 च्या मूल्यांकन नियमांत आपल्या फायद्याची एक तरतूद आहे. विमानाने आलेल्या मालाचे भाडे वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. म्हणून भाडे 1,600 धरायचे आणि मूल्य 9,600. विमा आणि अधिभार सोपेपणासाठी सोडून देऊ. दर वस्तूगणिक आणि अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून नुसते समजण्यापुरते मूळ शुल्क 10 टक्के आणि एकात्मिक जी.एस.टी. 18 टक्के धरू. मूळ शुल्क 960 रुपये. पुढे जी.एस.टी. लागतो तो 9,600 वर नव्हे, तर शुल्क मिळवून झालेल्या 10,560 वर. तो होतो 1,900 रुपये 80 पैसे. एकूण 2,860 रुपये 80 पैसे. दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस टक्के, म्हणजे आठ हजारांवर 2,240, असा तोंडी हिशोब करणारा इथे सहाशे रुपयांनी चुकतो. करावर कर बसतो तो असा.

बिल हातात आल्यावर कंपनीकडे 'बिल ऑफ एंट्री'ची प्रत मागावी. वस्तूची किंमत किती धरली, भाडे किती धरले, कोणता दर लावला, हे सर्व त्यात असते. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही, मागायला लाजू नये.

काही जण यावर सोपा उपाय सांगतात: किंमत कमी लिहा. आम्हाला तो पटत नाही. अधिकाऱ्याला शंका आली तर तो किंमत स्वतः ठरवतो, माल जप्त करून दंडही करू शकतो. शिवाय वाटेत पार्सल हरवले तर भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीपुरतीच मागता येते. पाचशे लिहून पाच हजार मागाल कसे? त्यापेक्षा दुबईहून सुट्टीवर येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर सामान पाठवावे, असे काही जण करतात. प्रवाशाच्या सामानाचे नियम आणि सवलत वेगळी असते. पण दुसऱ्याचे बंद खोके बॅगेत घेऊ नये. आत काय निघाले त्याचा जाब बॅगवाल्याला द्यावा लागतो.

इकडून तिकडे पाठवतानाही हाच खेळ उलट्या बाजूने होतो. आपल्यातल्या काही घरांची मुले-मुली इंग्लंडात शिकतात, नोकरी करतात. लेकीला लग्नाच्या वाढदिवसाची साडी पाठवली आणि तिलाच दारात पैसे भरावे लागले, असे घडते. तिथे एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेली भेट 39 पौंडांपर्यंतची असेल तर आयातीचा व्हॅट लागत नाही. सीमाशुल्काची मर्यादा वेगळी, ती 135 पौंडांची. दुकानदाराकडूनच परस्पर पार्सल पाठवले तर ती भेट धरत नाहीत. एका खोक्यात लेक, जावई आणि नातू अशा तिघांच्या वस्तू असतील तर त्या वेगवेगळ्या बांधून, प्रत्येकाचे नाव आणि किंमत फॉर्मवर लिहावी. मग 39 पौंडांची मर्यादा ज्याची त्याला मिळते. फॉर्मवर नुसते 'कपडे' न लिहिता 'सुती साडी, एक' असे लिहावे.

अमेरिकेचे नियम तर 2025 साली पाहता पाहता बदलले. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे असलेली शुल्कमाफी 29 ऑगस्टपासून काढून घेण्यात आली. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे याचाच घोळ झाला आणि आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सले घेणे थांबवावे लागले. ती सेवा ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाली. म्हणून गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. पाठवायच्या आधी टपाल कचेरीत विचारावे, शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने, हेही तिथेच पक्के करावे. घेणाऱ्याने नाकारले तर पार्सल परत येण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतो.

मावशींच्या बिलामुळे आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. शेजारच्या वस्तीतल्या, नर्सिंग केलेल्या एका मुलीची मोबाईलवर 'लंडनच्या डॉक्टरा'शी ओळख झाली. लग्नाची बोलणी झाली. त्याने म्हणे सोने आणि पौंड पार्सलने पाठवले. मग 'दिल्ली विमानतळावरून कस्टम अधिकारी' फोन करू लागला. आधी 35,000, मग दंडाचे आणखी, न भरल्यास अटक. मुलीने पतपेढीतून कर्ज काढून पैसे भरले. पार्सल नव्हतेच, डॉक्टरही नव्हता. कर्ज मात्र खरे होते आणि ते तिने तीन वर्षे फेडले. सीमाशुल्क खाते कोणाच्या खासगी बँक खात्यात पैसे मागत नाही. खात्याच्या पत्रांवर 2019 पासून एक दस्तऐवज क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला 1930 या क्रमांकावर कळवावे. त्या मुलीने लाजेपायी सहा महिने कोणाला सांगितले नाही.

मावशींनी बिल भरले. सरकारी शुल्क बिशीच्या पैशातून, कंपनीचे 1,180 आमच्याकडून उसने घेऊन. ते त्यांनी पुढच्या पगाराला आणून दिले, नको म्हटले तरी ऐकले नाही. रक्तदाबाचे यंत्र आता आळीतली निम्मी बायामाणसे वापरतात. बूट मात्र एक नंबर लहान निघाले. आईच्या पायाचे माप लेकाला कुठून ठाऊक असणार? जन्मभर तिला चपलेतच पाहिलेले. परत पाठवायचा खर्च विचारला तेव्हा मावशी नुसत्या हसल्या. बूट सध्या लेकीच्या पायात आहेत.